भाड्याच्या घरातील कार्पेटखालचे अंडरले: नवे घातल्यानंतर दोन वर्षांनी

भाड्याने दिलेल्या घरातील कार्पेट बदलायचे ठरले, की खालचे जुने अंडरले, म्हणजे कार्पेट आणि जमीन यांच्यामधला मऊ थर, तसेच ठेवावे का, हा प्रश्न येतोच. आणि ते कोणाच्या नजरेस पडत नसल्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड बहुधा त्याच्यावरच पडते. मीही एकदा तेच केले होते. ‘जुने अजून चालेल’ असे कार्पेट बसवणाऱ्याने सांगितले आणि मी ते न तपासता मान्य केले. तीन वर्षांच्या आतच बैठकीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नव्या कार्पेटवर खोलगट, चपटी पायवाट उमटली. भाडेकरूंनी निष्काळजीपणे वापरले असावे, असे समजून त्यांच्या अनामत रकमेतून काही भाग कापण्याचा विचारही माझ्या मनात आला होता. सुदैवाने त्याआधी मी दाराजवळचा एक कोपरा उचलून पाहिला.

खाली सच्छिद्र रबराचे जुने अंडरले होते. सोफ्याखाली त्याच्या उभारलेल्या नक्षीचे उंचवटे शाबूत होते, दारापाशी मात्र ते पूर्ण दबून गेले होते आणि बोटाने उचलताच त्या जागेचा पिवळसर भुगा होत होता. काही भाग जमिनीला असा चिकटला होता, की पट्टीने खरवडून काढावा लागला. पायाखालचा आधारच नाहीसा झाल्यामुळे प्रत्येक पावलाचा भार थेट कार्पेटच्या विणीवर येत होता. त्यात भाडेकरूंचा काहीही दोष नव्हता.

त्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, सर्व खोल्यांत एकाच प्रकारचे नवे कार्पेट टाकले. बैठक, जिना आणि मोठे शयनगृह येथे ८ मिलिमीटर जाडीचे रिबॉन्डेड फोमचे अंडरले घातले. मागच्या लहान खोलीतील जुने मात्र तपासून तसेच ठेवले. फोमचे उरलेले तुकडे बारीक करून, दाबून आणि चिकटवून रिबॉन्डेड फोम तयार होतो, म्हणून कापल्यावर त्याची कड रंगीबेरंगी दिसते. मी घेतलेल्या मालाची घनता घनमीटरला सुमारे १३० किलो होती. दुकानात ११ मिलिमीटरचा मऊ फोम पायाखाली कितीतरी सुखद वाटतो, आणि तोच घेण्याचा मोह होतो. पण भाड्याच्या घरात जाडीपेक्षा घनता पाहावी, असे माझे ठाम मत आहे. हलका, जाड फोम कपाटाच्या पायांखाली लवकर बसतो आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर तर तो टिकतच नाही. शिवाय अंडरले किती जाड चालेल, याची मर्यादा अनेक कार्पेटच्या हमीपत्रांत दिलेली असते, ती खरेदीपूर्वी वाचावी.

या वेळच्या कारागिरांचे काम चांगले होते. त्यांनी अंडरले ग्रिपर पट्टीवर (भिंतीलगतच्या, कार्पेटची कड धरून ठेवणाऱ्या टोकदार खिळ्यांच्या पट्टीवर) न चढवता तिच्या अलीकडे थांबवले, तुकड्यांचे सांधे टेपने जोडले आणि अंडरलेचा सांधा कार्पेटच्या सांध्याखाली येणार नाही, याची काळजी घेतली. मात्र जाडी वाढल्यामुळे दोन दारे खाली घासू लागली आणि सुताराला बोलावून ती तासून घ्यावी लागली. हे त्यांनी आधी मोजून सांगायला हवे होते.

गेल्या महिन्यात, भाडेकरूंच्या परवानगीने, दाराजवळचा तोच कोपरा पुन्हा उचलला. अंगठ्याने दाबल्यावर फोम लगेच पूर्ववत होतो आणि कार्पेटची पाठ स्वच्छ आहे. पावलांचा आवाज खाली कमी पोहोचतो, असे खालच्या मजल्यावरच्यांनी आपणहून सांगितले, याचा मला विशेष आनंद झाला. उणिवा दोन जाणवल्या. पहिले काही दिवस फोमचा वास येत होता, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: सांडलेले पाणी हा फोम स्पंजसारखा शोषून घेतो. घरात पाळीव प्राणी किंवा लहान मुले असतील, तर वरच्या बाजूला ओल न शिरू देणारा थर असलेला प्रकारच घ्यावा, थोडे जास्त पैसे पडले तरी.

प्राण्यांच्या मूत्राचा वास अंडरलेत मुरला असेल, तर विचार करत बसू नये. कार्पेट धुतल्याने वरचा भाग स्वच्छ होतो, पण खालचा डाग ओलावतो आणि दमट हवेत वास पुन्हा वर येतो. अशा वेळी जुने काढून, जमीन धुऊन पूर्ण कोरडी करून मगच नवे घालावे. खर्च मोजताना केवळ अंडरलेची किंमत धरणेही फसवे ठरते, कारण ते नंतर बदलायचे झाल्यास सामान हलवणे, कार्पेट उचलणे आणि पुन्हा ताणून बसवणे ही सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, तीही घरात कोणी राहत असताना.

लहान खोलीतील जुन्या अंडरलेला डाग नाही, वास नाही, आणि दुमडल्यावर त्याला अजून भेग पडत नाही. तेथे वर्दळ कमी असल्यामुळे ते ठेवण्याचा निर्णय आजही योग्य वाटतो. पुढच्या वेळी घर रिकामे होईल, तेव्हा सर्वांत आधी त्याच खोलीचा उंबऱ्याजवळचा कोपरा उचलून पाहणार आहे.