तुटक्या लिंका शोधायला कोण बरं: मार्कडाउन-लिंक-चेक की लिची?
सोलापुरातल्या चादर कारखान्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक लिंक तुटली, की नवा कारकून तिथंच अडकतो. म्हणून लिंका आपोआप तपासणारी ही दोन साधनं पाहिली.

मार्कडाउन-लिंक-चेक मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर) फाइलींतल्या लिंका तपासतं. ते नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालतं, एनपीएमनं (नोडची पॅकेजं बसवणारं साधन) बसतं. कोणते पत्ते वगळायचे, ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’ हे सर्व्हरचं उत्तर) आल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा का, हे जेसन नावाच्या साच्यातल्या सेटिंग फाइलीत सांगता येतं. चार-पाच फाइलींना पुरेसं.

लिची रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. एकाच वेळी अनेक लिंका तपासतं, म्हणून वेगवान, वेबपानांच्या एचटीएमएल फाइलीही वाचतं. पण मला खरं भावलं ते त्याचं ऑफलाइन तपासणं. नेट नसतानाही आपल्याच फोल्डरमधल्या फाइलींच्या लिंका तपासून होतात, आणि आमच्या बहुतेक चुका फाइलीचं नाव बदलल्यानंतरच्याच! कॅश चालू केली, की आधीचे निकाल त्यात साठून राहतात, त्यामुळे बाहेरच्या सर्व्हरला पुन्हापुन्हा त्रास नाही. आम्ही लिचीच घेतलं.