अंगातली धोक्याची चरबी कशानं ओळखायची: वजनकाटा, चरबीचं मशीन की शिंप्याची टेप?

आमचा दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर बसतो. हातपाय काटकुळे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.४. "मी कुठं जाड आहे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मिरजेला रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, बीपी १३६/८८. पोटाचा घेर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या पाचांतली तीन बिघडली की मेटाबॉलिक सिंड्रोम धरतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा बिघाडांचा गट. दादाची तीन तिथंच भरली, घेर मोजायच्या आधीच.

बीएमआय फुकटात निघतो, पण वजन स्नायूंचं की चरबीचं, आणि चरबी साठलीय कुठं, हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बीएमआय दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांनी बीएमआयच्या नेहमीच्या २५ च्या हद्दीची वाट न बघता २३ लाच सावध व्हायचं, ते यासाठी.

जिममधलं मशीन अंगातून बारीक वीज सोडतं आणि अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो. दादाचा सकाळी २४ टक्के आला, संध्याकाळी घामेजून गेल्यावर २७. त्याच वेळी, त्याच मशीनवर, उपाशीपोटी मोजत गेलात तर वाढ-घट कळेल. एका आकड्यावर विसंबू नका. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी मोजणारी तपासणी) याहून पुष्कळ नेमका, पण नुसत्या चाळणीसाठी तो खर्च मी करणार नाही.

माझा कौल टेपला. पँटचा नंबर मात्र धरायचा नाही. दादा "माझी चौतीस" म्हणायचा, म्हणजे ८६ सेंटिमीटर. पण पँट पोटाच्या खाली बांधलेली! शर्ट वर करायला लावला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपून दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरली. श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा, पोट आत घ्यायचं नाही. ९६ भरले. आपल्याकडं पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द आहे.

त्याहून मला आवडतो तो घेर आणि उंचीचा हिशेब: घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. बाई-पुरुष, ठेंगणा-उंच सगळ्यांना एकच नियम. दादाला ८४ च्या आत यायला हवं.

चरबी कातडीखालची की आतड्यांभोवतीची, हे टेपलाही सांगता येत नाही. घेर ठीक असूनही घरात मधुमेह असेल, तर रक्त तपासाच. घेर जास्त निघाला तर उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि बीपी त्याच आठवड्यात करून घ्या. मशीनच्या पावत्या जमवत बसू नका.