इंडियाना ड्यून्सला निघालात? ‘वीज असलेली जागा’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्कला तंबू टाकायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आमचे १८० डॉलर गेले. पण पैशांपेक्षा मला जास्त राग आहे तो बाबांच्या तब्येतीशी खेळ झाला याचा.

बाबांना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास चालू ठेवणारं, विजेवर चालणारं यंत्र) लागतं. त्यामुळे वीज नसेल तर कॅम्पिंगचा बेतच नाही, हे घरात ठरलेलं होतं. लाँग वीकेंडच्या सगळ्या जागा आधीच गेल्या होत्या. तेवढ्यात खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली: ‘आमचं जाणं रद्द झालं, ड्यूनवुड कॅम्पग्राउंडचं बुकिंग तुमच्या नावावर करून देतो.’ ड्यूनवुड म्हणजे नॅशनल पार्कचं कॅम्पग्राउंड. फोटोत तंबू आणि मागे लेक मिशिगनचं पाणी. मशीनचं सांगून मी विजेबद्दल मुद्दाम विचारलं. ‘हो, जागेवरच प्लग आहे, काकांची काळजी करू नका,’ असं उत्तर आलं. पैसे मात्र बँकेतून थेट, तासाभरात हवे होते. पाठवल्यावर बुकिंगचा कागदही आला.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तर त्या नंबरच्या जागेवर दुसऱ्याच कुटुंबाचा तंबू. त्यांचं बुकिंग खरं होतं. कॅम्पग्राउंडच्या होस्टबाईंनी यादी पाहिली, त्यात ना आमचं नाव ना विकणाऱ्याचं. मग त्यांनी जे सांगितलं ते नीट वाचा: ड्यूनवुडमध्ये ६६ जागा आहेत आणि एकाही जागेवर वीज नाही. तिथून तळंही दिसत नाही. कॅम्पग्राउंड झाडीत आहे, किनारा मैलभराहून लांब, आणि या पार्कच्या किनाऱ्यावर तंबू टाकताच येत नाही. म्हणजे तो फोटो तिथला असणं शक्यच नव्हतं. आमच्या कागदावर वर ‘नॅशनल लेकशोअर’ छापलं होतं. ते नाव १९६६ पासूनचं, २०१९ मध्ये बदलून नॅशनल पार्क झालं.

वीज मिळते ती इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडवर. हे स्टेट पार्क नॅशनल पार्कच्या मधोमध आहे, पण कारभार राज्याचा, बुकिंग वेगळं, गेटची फी वेगळी. नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. नावं जवळजवळ सारखी, आणि नेमका याच गोंधळाचा फायदा हे लोक उठवतात. ड्यूनवुडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. कोणी रद्द केलं की ती जागा तिथेच पुन्हा दिसते, म्हणून तिथेच बघत राहा. पैसे देण्याआधी पार्कच्या साइटवर त्या कॅम्पग्राउंडचं पान उघडा. वीज, पाणी, शॉवर सगळं तिथे लिहिलेलं असतं.

पार्कमध्ये लॉज किंवा हॉटेल नाही. रात्री जवळच्या चेस्टरटन गावातल्या हॉटेलांना फोन करत बसलो, शेवटी मिशिगन सिटीत एक महागडी खोली मिळाली. बाबांचं मशीन लागलं तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

बँकेने पैसे परत द्यायला नकार दिला, कारण ते आम्हीच पाठवले होते. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान हरकत घेता आली असती. फेडरल ट्रेड कमिशनकडे (फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) तक्रार केली आहे. विकणाऱ्याचं खातं बंद झालं, पण तोच फोटो आता दुसऱ्या नावाने, लेबर डेच्या वीकेंडसाठी पुन्हा टाकलाय. लाल तंबू, डावीकडे वाकलेलं झाड, मागे पाणी. दिसला तर लगेच रिपोर्ट करा.