दारावरचा आकडा: वेल्समधील अन्नस्वच्छता मानांकनाचे एक परीक्षण

कार्डिफला राहायला आल्यापासून हॉटेलात शिरताना मेन्यूच्या आधी दाराची काच पाहण्याची मला सवय लागली आहे. त्या काचेवर हिरव्या-काळ्या रंगाचा एक स्टिकर असतो आणि त्यावर 0 ते 5 यांपैकी एक आकडा असतो. वेल्समध्ये हा स्टिकर ग्राहकाला सहज दिसेल असा लावणे 28 नोव्हेंबर 2013 पासून कायद्याने सक्तीचे आहे. परीक्षणे नेहमी हॉटेलांची लिहिली जातात. मी येथे त्या स्टिकरचेच परीक्षण करणार आहे, कारण इतक्या वर्षांत कोणत्याही खाद्यसमीक्षेपेक्षा मी त्याच्यावर अधिक विसंबलो आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. 5 हा आकडा म्हणजे जेवण रुचकर असल्याची ग्वाही नव्हे. स्थानिक कौन्सिलचा अधिकारी पूर्वसूचना न देता स्वयंपाकघरात येतो आणि तीन गोष्टी तपासतो: अन्न हाताळण्याची, शिजवण्याची, थंड करण्याची व साठवण्याची पद्धत, जागेची स्वच्छता व अवस्था, आणि हे सर्व पुढेही नीट चालेल असा विश्वास वाटावा असे व्यवस्थापन व त्याच्या नोंदी. यातील गुण दोषांचे असतात, म्हणजे जितके कमी तितके चांगले. 5 मिळण्यासाठी एकूण दोषगुण 15 पेक्षा अधिक नकोत आणि तिन्हीपैकी एकाही बाबतीत ते 5 च्या वर जाता कामा नयेत. सरासरीचा आडोसा येथे मिळत नाही, आणि मला या पद्धतीत सर्वांत आवडते ते हेच. फरशी आरशासारखी लखलखीत असली, भांडी घासूनपुसून ठेवलेली असली, तरी व्यवस्थापनाच्या बाबतीत 20 दोषगुण पडले की त्या हॉटेलच्या दारावर थेट 1 येतो.

आपल्याकडच्या खाणावळवाल्यांना ही कागदोपत्री कटकट वाटेल, आणि येथील छोट्या भारतीय हॉटेलांच्या मालकांकडूनही मी हीच तक्रार ऐकली आहे. फ्रिजचे तापमान रोज लिहून ठेवण्याने भाजी अधिक स्वच्छ होते का, असे ते विचारतात. मला वाटते, भाताचे उदाहरण पाहिले की उत्तर सापडते. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची, हे आपल्या घरोघरी चालते. परंतु तांदळातील बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर कितीही परतले तरी नाहीसे होत नाही. म्हणून येथे भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा असे सांगितले जाते. तो केव्हा शिजला आणि केव्हा थंड केला, हे पातेल्याकडे पाहून कोणत्याही अधिकाऱ्याला कळणार नाही. ते नोंदीतूनच कळते. (फोडणीचा भात मी सोडलेला नाही, पण आता रात्री भात पसरट ताटात काढून लवकर गार करतो.)

वेल्समध्ये हा विषय इतक्या गांभीर्याने घेतला जातो, त्यामागे एक दुःखद घटना आहे. 2005 मध्ये दक्षिण वेल्समधील शाळांना पुरवलेल्या मांसातून ई. कोलाय ओ157 या घातक जिवाणूचा संसर्ग पसरला. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, त्यांत बहुतांश मुले होती, आणि एका पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. कच्चे आणि शिजवलेले मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्रात बांधले जात होते आणि तपासणीस आलेल्यांनीही त्याचे गांभीर्य ओळखले नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले.

सेव्हर्न नदीचा पूल ओलांडून ब्रिस्टलला गेले की मात्र चित्र बदलते. मानांकन तेच, गुणांची पद्धत तीच, पण इंग्लंडमध्ये स्टिकर लावणे मालकाच्या इच्छेवर आहे. साहजिकच 5 मिळवणारा तो दर्शनी काचेवर मिरवतो आणि 2 मिळवणाऱ्याचा स्टिकर कोठे जातो ते कोणालाच कळत नाही. अशाच एका हॉटेलात मी मित्रांसह जेवून आलो. चव उत्तम होती, आणि घरी येऊन मानांकनांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहिले तर मानांकन 1. आकडा गुप्त नव्हता, पण जेवणापूर्वी फोन काढून तो शोधणारे कितीजण असतात? उत्तर आयर्लंडने 2016 मध्ये वेल्सप्रमाणे सक्ती केली. इंग्लंडने अद्याप केलेली नाही. भारतातही एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचे 1 ते 5 असे स्वच्छता मानांकन आहे, परंतु ते ऐच्छिक असल्याने त्याचीही मर्यादा हीच आहे.

वेल्सच्या व्यवस्थेतही उणिवा आहेत. मानांकन हे तपासणीच्या दिवसाचे चित्र असते आणि कमी जोखमीच्या ठिकाणी पुढची तपासणी दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा होऊ शकते. दरम्यान आचारी बदलतो, कधी मालकही बदलतो, आकडा तोच राहतो. म्हणून 5 दिसला तरी तपासणीची तारीख संकेतस्थळावर पाहून घ्यावी. हॉटेलवाल्याला अपील करण्यासाठी 21 दिवस मिळतात आणि सुधारणा केल्यावर शुल्क भरून फेरतपासणी मागता येते, हे मला न्याय्य वाटते.

ज्या तरतुदीबद्दल फारसे बोलले जात नाही ती मला सर्वाधिक उपयोगी पडते. वेल्समध्ये ग्राहकाने तोंडी विचारले, अगदी फोनवरून विचारले, तरी मानांकन सांगणे व्यावसायिकावर बंधनकारक आहे. घरपोच जेवण मागवताना मी आता तिखटाचे प्रमाण सांगण्याआधी तो आकडा विचारतो. सुरुवातीला संकोच वाटायचा. आता पलीकडचा माणूस क्षणभर थांबला, तरी मला पुरेसे उत्तर मिळालेले असते.