पोर्कचं करी-कट पाकीट की खाटकाकडचा खांदा?

घरच्या रात्रीच्या जेवणासाठी पोर्क घेताना शहरात हल्ली दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे ऑनलाइन किंवा मॉलमधलं ५०० ग्रॅमचं गोठवलेलं 'करी-कट' पाकीट. दुसरी म्हणजे पोर्कच्या दुकानात जाऊन सांगून घेतलेला खांदा, म्हणजे पुढच्या पायाच्या वरचा भाग. चव, पैसे आणि तब्येत या तिन्ही बाबतींत खांदाच उजवा आहे, फक्त तो नीट सांगून घ्यावा लागतो आणि नीट शिजवावा लागतो.

आधी पाकीट. त्यात एका भागाचं मांस नसतं, ही त्याची खरी अडचण. पाठीचे सुके तुकडे, पोटाचे चरबीचे थर, खांद्याचे दोन-चार तुकडे आणि हाडं असं सगळं एकत्र येतं. पाठीचा तुकडा दहा-बारा मिनिटांत शिजतो आणि पुढे कोरडा, दोऱ्या-दोऱ्यांचा होत जातो. खांद्यात जोडउती, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारे चिवट पडदे, भरपूर असतात, त्या वितळून मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे एकाच कुकरमध्ये अर्धे तुकडे चामट राहतात आणि अर्धे भुसा होतात. हे काही स्वयंपाक करणाऱ्याचं चुकत नाही, मालच तसा असतो.

दुसरी अडचण पाण्याची. पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा, चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि मग वजन करा. ४५० ग्रॅमच्या खाली गेलं तर तुम्ही बर्फाचे पैसे दिलेत. हेच ओले तुकडे कढईत टाकले की पाणी सुटतं, तुकडे परतले न जाता उकडतात आणि करडे पडतात. पाकीट वापरायचंच असेल तर तुकडे कापडाने कोरडे करा, पाठीचे वेगळे काढा आणि ते कुकरचं झाकण उघडल्यावर रश्शात घालून दहा-बारा मिनिटं मंद शिजवा. एवढं केलं तर पाकिटाचंही जेवण बरं होतं.

आता हिशोब. समजा पाकीट २७५ रुपयांना आहे आणि त्यातून ५० ग्रॅम पाणी, ९० ग्रॅम हाड, १०० ग्रॅम चरबी गेली. उरलं २६० ग्रॅम मांस, म्हणजे किलोला १०५० रुपयांच्या वर. खांदा समजा ४०० रुपये किलो, त्यातून ३०० ग्रॅम हाड-चरबी गेली तर मांस पडलं साधारण ५७० रुपयांनी. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण हिशोब असाच करा. किलोचा भाव सगळं सांगत नाही. शिवाय खांद्याच्या हाडाचा रस्सा होतो, तो वेगळाच फायदा.

तब्येतीचा विचार करताना 'पोर्क' असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. १०० ग्रॅम कच्च्या पोटाच्या मांसात ५० ग्रॅमच्या आसपास चरबी आणि जेमतेम ९ ग्रॅम प्रथिनं असतात. पाठीच्या आतल्या सुक्या पट्टीत प्रथिनं २० ग्रॅमच्या वर आणि चरबी ३-४ ग्रॅम. खांदा मधला, दोन्ही १७-१८ ग्रॅमच्या घरात. हे आकडे पाश्चात्त्य जातींच्या डुकरांचे आहेत, आपल्याकडे थोडं मागेपुढे होईल. खांद्याची खुबी अशी की त्याची बरीचशी चरबी शिजवल्यावर काढून टाकता येते आणि तरीही मांस कोरडं पडत नाही.

दुकानात काय सांगायचं? "खांद्याचं द्या, कातडी काढून, दीड इंचाचे तुकडे, हाड वेगळं." ओंडक्यावर सत्तूरने हाडासकट धडाधड तोडलेल्या मांसात हाडाच्या बारीक कपच्या येतात. लहान मुलं जेवणार असतील तर त्या फार वाईट. मांस गुलाबीसर, चरबी पांढरी आणि घट्ट हवी. बोटाला चिकट लागलं तर घेऊ नका. खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला काही वेळा लघवीसारखा उग्र वास येतो, तो चरबीत असतो आणि गरम केल्यावरच कळतो. मसाल्याने तो झाकला जात नाही. म्हणून मादीचं किंवा खच्ची केलेल्या डुकराचं मागा, आणि घरी आल्यावर चरबीचा एक तुकडा तव्यावर टाकून वास घ्या. मांसात साबुदाण्याएवढे किंवा थोडे मोठे, पाणी भरलेले पांढरट फोड दिसले तर ते टेपवर्म या जंताच्या अळ्यांचे असतात. ते मांस सरळ परत करा. कच्चट पोर्क आपल्याकडे कधीही खाऊ नये. कुकरमध्ये नीट शिजलेल्या पोर्कची ती धास्ती उरत नाही, पण कच्चं मांस लागलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुवाच.

एक किलो खांद्यात चार माणसांची दोन जेवणं होतात. मांसाला दीड छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण आणि तीन मोठे चमचे माडाचं व्हिनेगर लावून किमान अर्धा तास ठेवा, भांडं स्टीलचं किंवा काचेचं. आठ बेडगी मिरच्या, एक चमचा जिरं, दहा मिरी, चार लवंगा आणि इंचभर दालचिनी थोड्या व्हिनेगरमध्ये वाटा. घरी वसईकडचा बाटली मसाला असेल तर तो दोन चमचे घातला तरी चालेल.

तेल घालायचं नाही. चरबीचे तुकडे थंड कढईत ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वितळू द्या. त्याच चरबीत मांस दोन खेपांत परता. एकदम सगळं टाकलं की कढई थंड पडते आणि पुन्हा पाणी सुटतं. मग तीन मध्यम कांदे, वाटण, हाडं आणि फक्त एक कप पाणी. मांस स्वतःचं पाणी सोडतं, म्हणून जास्त घालू नका.

कुकरच्या शिट्ट्या मोजू नका. आच मोठी की शिट्ट्या भराभर होतात, मांस मात्र वेळेनेच शिजतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून २० मिनिटं ठेवा, नंतर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली की आतला रस उसळून उकळतो, तुकड्यांतलं पाणी बाहेर पडतं आणि तासाभराची मेहनत कोरडी होते. कुकर साध्या ॲल्युमिनियमचा असेल तर व्हिनेगर त्याला लागतं, म्हणून स्टीलचा किंवा हार्ड ॲनोडाइज्ड वापरा.

शक्यतो आदल्या रात्री शिजवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी रश्शावर चरबीची पांढरी, घट्ट साय जमलेली दिसेल. ती चमच्याच्या कडेने अलगद उचलली की अखंड चकत्याच निघतात. तब्येतीचं सगळ्यात मोठं काम इथेच होतं. एक चमचा फोडणीला ठेवा, बाकीची बरणीत भरून फ्रीजमध्ये. आंबट मसालाही रात्रीत मुरतो, म्हणून गोव्याचं विंदालू आणि वसईकडचं इंद्याल हे व्हिनेगरमधले रस्से शिळे जास्त चांगले लागतात.

पहिल्या रात्री अर्ध्या मांसात आठ आमसुलं घालून पाच मिनिटं उकळा, सोबत ज्वारीची भाकरी किंवा उकडा भात. दुसऱ्या रात्रीसाठी १५० ग्रॅम चवळी सहा तास भिजवून वेगळी शिजवा आणि मगच उरलेल्या मांसात मिसळा. आंबटात कडधान्य शिजत नाही, बटाटासुद्धा दडस राहतो. वेगळ्या भांड्यात करायचं कारण एवढंच. दोन मुळे आणि मूठभर मोहरीची किंवा मुळ्याची पानं घातली की आणखी मांस न घालता पोटभर जेवण होतं. गोव्यात फेजोआद या रश्शात चोरीस, म्हणजे पोर्कचं मसालेदार सॉसेज, कडधान्यात घालतात ती हीच युक्ती. पण चोरीसमध्ये मीठ आणि चरबी दोन्ही भरपूर, म्हणून रोजच्या जेवणात साधा खांदाच बरा.

शिजवलेलं पोर्क फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी एका जेवणापुरते डबे करून गोठवा आणि डब्यावर तारीख लिहा.