मोनोहल की कॅटामरान? निवृत्तीनंतर मुंबईहून समुद्रावर निघणाऱ्या जोडप्यासाठी

साठीच्या आसपासचे मुंबईकर जोडपे शिडाच्या नौकेवर वर्षाचे सात-आठ महिने काढायचे ठरवते, तेव्हा चर्चा बहुधा लांबी आणि किमतीपासून सुरू होते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: दोघांपैकी एक जण आजारी पडला, तर दुसऱ्याला एकट्याने नौका बंदराला लावता येईल का, आणि जून ते सप्टेंबर ती राहील कुठे. एका हलची (म्हणजे नौकेच्या पाण्यात तरंगणाऱ्या मुख्य सांगाड्याची) मोनोहल घ्यावी की दोन हलची कॅटामरान, हे या उत्तरांवरच ठरते.

मोनोहल वाऱ्याने कलते, पण तिच्या कण्यात (तळातून खाली उतरणाऱ्या पात्यासारख्या भागात) शिसे किंवा लोखंडाचे वजन असते, त्यामुळे लाटेने आडवी झाली तरी ती पुन्हा उभी राहते. कॅटामरान सरळ चालते. ती उलटणे दुर्मीळ आहे, पण उलटलीच तर उलटीच राहते. याहून रोजच्या उपयोगाचा फरक असा, की मोनोहल कलू लागली की शीड कमी करण्याची, म्हणजे त्याचा काही भाग खाली घेऊन बांधण्याची, वेळ अंगाला कळते, तर कॅटामरानमध्ये असा इशारा जवळजवळ मिळत नाही आणि वाऱ्याच्या मापकावरचा आकडा बघून शीड आधीच कमी करावे लागते. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची नौका दक्षिण हिंदी महासागरात लाटांनी उलटवली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तरी ती मोनोहल सरळ होऊन तरंगत राहिली आणि मदत येईपर्यंत त्यांना तिच्यातच थांबता आले. पुढच्याच शर्यतीत 36 फुटी, लांब कण्याच्या नौकेतून त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. त्या अक्षांशांवर आपल्याला जायचे नाही, पण महासागरासाठी नौका मोठीच हवी, हा समज यावरून दूर व्हावा.

राहण्याच्या सोयीत मात्र कॅटामरान निर्विवाद पुढे आहे. मोनोहलमध्ये शेगडी गिंबलवर (नौका कलली तरी ती सपाट ठेवणाऱ्या आधारावर) झुलती ठेवावी लागते आणि कुकर पट्ट्यांनी आवळून बसवावा लागतो; फोडणी देणाऱ्याला कमरेला पट्टा बांधून उभे राहावे लागते. कॅटामरानच्या स्वयंपाकघरात वाटी बहुतेक वेळा ठेवली तिथेच राहते. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी मोनोहलच्या उभ्या शिडीचा विचार गांभीर्याने करावा. उलट कॅटामरानला वजन सोसत नाही: पाणी, डिझेल, बॅटऱ्या, वर्षभराचे धान्य असे सामान भरत गेले की तिचा वेग पडतो आणि दोन हलांमधल्या तळावर लाटा आपटू लागतात. मोनोहल तेच ओझे निमूटपणे वाहते.

कोकण किनाऱ्यावर रात्री जाळ्यांचा प्रश्न येतो. लांब कण्याच्या मोनोहलचा पंखा (प्रोपेलर) कण्याच्या आडोशाला असल्याने जाळ्यात अडकण्याची शक्यता कमी. कॅटामरानचे दोन्ही पंखे बहुधा उघडे असतात, पण एक अडकला तरी दुसरे इंजिन हाताशी राहते. चाळीस फुटांच्या आसपास मोनोहलला साधारण दोन मीटर आणि कॅटामरानला सव्वा मीटर पाणी लागते. आपल्या खाड्यांमध्ये उधाणाच्या ओहोटीला हा फरक फार मोठा ठरतो.

पावसाळा हा मुंबईचा खरा अडथळा आहे. गेटवेसमोर नांगरलेली नौका जूनपूर्वी किनाऱ्यावर काढावी लागते, आणि सात मीटर रुंदीची कॅटामरान उचलणारी सोय शोधणे चार मीटरच्या मोनोहलपेक्षा कितीतरी अवघड आहे. कोचीला बोळगाट्टी बेटावर मरिना, म्हणजे खासगी नौका लावण्याचा धक्का, आहे, पण तिथली सध्याची खोली आधी विचारून घ्यावी. परदेशी नौका भारतात आणल्यास आयात शुल्क आणि जीएसटीचा भार मोठा पडतो, म्हणून मलेशियातल्या करमुक्त लंगकावी बेटावर नौका घेऊन तिथेच ठेवण्याचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. त्यासाठी पैसे पाठवायचे तर, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते.

तयारीत दोन्ही नौकांचे बरेचसे सारखे आहे. नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासावी. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षे जुन्या असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा. भारतीय नोंदणीच्या नौकेचे ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारे यंत्र) बंगळुरूच्या इस्रो केंद्रात नोंदवावे आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक दोघांनाही पाठ असावा. वारे नोव्हेंबरात अनुकूल होतात, आणि सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही त्याच महिन्यात द्यायचा असतो. तो मोबाइलवरून भरून मगच निघावे. मालदीवची राजधानी माले मुंबईहून सुमारे 900 सागरी मैल, म्हणजे पाच नॉट वेगाने सात-आठ दिवस. त्याआधी गोव्यापर्यंतचा सव्वादोनशे मैलांचा प्रवास दोघांनी आळीपाळीने पहारा देत करावा.

मुंबईहून निघायचे असेल आणि पैसा मोजका असेल, तर स्केगवर (सुकाणूपुढच्या, त्याला आधार देणाऱ्या स्थिर पात्यावर) सुकाणू असलेली 36 ते 40 फुटी मोनोहल मी सुचवेन. आग्नेय आशियात नौका ठेवून नांगरावरच अधिक राहायचे असेल, तर कॅटामरान. तरीही पैसे देण्यापूर्वी थायलंडच्या फुकेतला दोन्ही प्रकार एकेक आठवडा भाड्याने घ्यावेत आणि चांगल्या वाऱ्यात प्रत्येकाने जोडीदाराची मदत न घेता मुख्य शीड कमी करून पाहावे. भाड्याने देणारे बहुधा रात्री नौका चालवू देत नाहीत, तेव्हा हे दिवसाच उरकावे.