ग्रँड कॅन्यनची ट्रेन: पाहुण्यांना नेऊन नेऊन आलेला अनुभव

आम्ही फिनिक्सला राहतो त्यामुळे भारतातून कोणीही आलं की ग्रँड कॅन्यन ठरलेलंच, आणि यंदा मार्चपासून जे जे आले त्या बहुतेकांना मी विल्यम्स गावाहून सुटणाऱ्या ग्रँड कॅन्यन रेल्वेने नेलं. ट्रेन घ्यावी का म्हणून सारखं कोणीतरी विचारतं, एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे ट्रेनमधून कॅन्यन दिसत नाही. अजिबात नाही. 64 मैल, सव्वादोन तास, आधी पाइनची झाडं मग नुसतं माळरान मग परत झाडं, आणि शेवटी डेपोत उतरून पायऱ्या चढून वर गेलात की एकदम समोर उघडतं. सासूबाई सगळा वेळ खिडकीला चिकटून "कुठंय गं ती दरी" करत होत्या, शेवटी कंटाळून गिटारवाल्याची गाणी ऐकत बसल्या. स्वतःच्या गाडीने हाच रस्ता तासाभराचा आहे.

मग ट्रेन कशाला? तर कॅन्यनच्या कड्यावरचं ते अख्खं गावच या ट्रेनने वसवलंय म्हणून. लाइन टाकायला घेतली होती अनिता नावाच्या ठिकाणच्या तांब्याच्या खाणींसाठी, ती टाकणारी कंपनी बुडाली, मग सँटा फे रेल्वेने ती घेऊन कड्यापर्यंत पुरी केली आणि 17 सप्टेंबर 1901 ला पहिली पॅसेंजर वर पोचली. त्याआधी फ्लॅगस्टाफहून घोडागाडीत दिवसभर हाडं खिळखिळी करत जायचं आणि त्याचे 15 डॉलर वगैरे, ट्रेनचं तिकीट 3.95! साहजिकच लोक आले. मग राहणार कुठे, तर 1905 ला रेल्वेनेच कड्याला लागून एल टोव्हार हॉटेल बांधलं, त्याची लाकडं ओरेगनहून आणली, चालवायला फ्रेड हार्वीची कंपनी. वर पाणी नव्हतं तर शंभरेक मैलांवरच्या डेल रिओहून पाणीसुद्धा टँकर जोडून ट्रेननेच, कित्येक वर्षं. चित्रकारांची चित्रं घेऊन जाहिरातीत वापरली ते वेगळंच. नॅशनल पार्क झालं 1919 ला, म्हणजे आधी हॉटेल आणि मग पार्क, मला तर हे वाचून गंमतच वाटली. हे सगळं जाताना पाहुण्यांना सांगितलं ना की खिडकीतलं माळरानपण बरं वाटायला लागतं.

नंतर मोटारी आल्या आणि ट्रेन रिकामी पडत गेली, जुलै 1968 मध्ये शेवटच्या गाडीत म्हणे फक्त 3 प्रवासी होते. 1989 ला त्याच तारखेला, 17 सप्टेंबरलाच, परत चालू केली. वाफेचं इंजिन मात्र वर्षातून मोजकेच दिवस असतं (ते वापरलेल्या खाद्यतेलावर चालतं!), बाकी डिझेल, त्यामुळे बाबांसारखं इंजिनासाठी जाणार असाल तर तारखा बघूनच बुक करा.

डब्यांचं म्हणाल तर साधा कोच पुरे. डोममध्ये (वर काचेचं छत असलेला डबा) वर बसायला जिना चढावा लागतो, गुडघेवाल्यांना नको. परतीच्या वाटेवर घोड्यावरून खोटे दरोडेखोर येतात, मुलं जाम खूश, मोठ्यांना एकदा बास. टिपसाठी सुटे ठेवा.

खरी अडचण वेळेची आहे. पावणेबाराला पोचता आणि साडेतीनला गाडी परत, म्हणजे भर दुपारचं पांढरं ऊन आणि सूर्यास्त तर नाहीच, आणि कॅन्यनचे रंग उघडतात ते नेमके सकाळ-संध्याकाळी. उंची 7000 फुटांच्या आसपास आहे, म्हातारी माणसं पायऱ्या चढूनच धापा टाकतात, त्यांना बसवून पाणी पाजण्यात अर्धा तास जातो. म्हणून आता आम्ही आज वर जाऊन उद्याच्या गाडीने परत असंच बुकिंग करतो, मधली रात्र वरच. खोल्या खूप आधी भरतात, पाहुण्यांचा व्हिसा आला की लगेच बघायला घ्या.